पांढऱ्या पडदीची माशी

मी, चारुलता जीवराम फेगडे, वय ६३, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार जळगाव, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. कोणाचेही दडपण नाही, असे लिहिण्याची रीत आहे. माझ्यावर दडपण आहे. मात्र ते मृत्युपत्र करण्यासाठी नाही, गप्प बसण्यासाठी आहे. अक्षर वाईट आले आहे. ते माझेच आहे.

१. उद्या मंगळवारी कोर्टात माझी उलटतपासणी आहे. फैजपूरकडच्या यशोदाबाई गेल्या पावसाळ्यात केळीच्या मळ्यातल्या खोलीत मृत सापडल्या. दाराला बाहेरून कडी होती, पायाच्या जखमेत अळ्या होत्या. त्यांचा पुतण्या योगराज, या खटल्यातला आरोपी, म्हणाला, "काकू झोपेतच गेली, अळ्या मागून पडल्या." पोलिसांनी अळ्या माझ्याकडे पाठवल्या. ओल्या मातीत ठेवून मी त्यांच्या माश्या होऊ दिल्या. प्रेतावर बसणारी निळी-हिरवी माशी आणि ही माशी साध्या डोळ्यांना सारखीच. पण पंखाच्या बुडाशी एक बारीक पडदी असते. प्रेतावरच्या माशीची ती काळपट असते. या सगळ्यांची पांढरी निघाली. ही माशी जिवंत जखमेतच अंडी घालते. अळ्या पुऱ्या वाढलेल्या होत्या, आणि त्याला सहा-सात दिवस लागतात. म्हणजे यशोदाबाई त्या कडीआड कित्येक दिवस जिवंत होत्या.

२. माझी सदनिका भाची मयुरीला द्यावी. तिने इथे राहू नये, विकून टाकावी. गेल्या तारखेला कोर्टाच्या जिन्यात योगराज अगदी मायेने म्हणाला, "अक्का, एकटीच ऱ्हाते नं तू?" तेव्हापासून मी स्वयंपाकघराची खिडकी उघडलेली नाही.

३. सूक्ष्मदर्शक आणि टाचलेल्या सर्व माश्या माझी विद्यार्थिनी जिनल हिला. ती शिरपूरला शिकवते. आमच्या विभागाला एकही माशी देऊ नये. तिथल्या प्रमुखांनी माझी कपाटे 'कचरा' म्हणून व्हरांड्यात काढली होती. पावसात भिजून अर्ध्या माश्या बुरशीने खाल्ल्या. खटल्यातल्या माश्या कोर्टात जमा आहेत. त्याच अळ्यांतून निघालेल्या आणखी काही पोलिसांच्या पावतीनिशी जिनलकडे आहेत. मला काही झाले तर तिने त्या घेऊन कोर्टात उभे राहावे. तिला विचारले आहे. ती रडली, आणि हो म्हणाली.

४. फैजपूरच्या शेतातला माझा हिस्सा थोरला भाऊ नानाला. त्याचा बांध योगराजच्या बांधाला लागून आहे. परवा तो आला, चहाही घेतला नाही. "चारू, एवढंच म्हण, दोन्ही माश्या सारख्या दिसतात. खोटं थोडंच आहे?"
"दिसतात, नाना. पण आहेत वेगळ्या."
"आमाले तिथंच राहायचं आहे."
मी त्याला बोल लावत नाही. तो भ्याला आहे, मीही भ्याले आहे.

५. माझा मृत्यू कसाही आला, अपघाताने, पाय घसरून किंवा झोपेत, तरी शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नयेत. नानाने घाई करू नये. मला मधुमेह आहे, तळपायाला जखम आहे. रोज सकाळी दार लावून आरशात ती पाहते. यशोदाबाईंना काय काय होत गेले असेल हे मला पुस्तकातून ठाऊक आहे, आणि तेच मला झोपू देत नाही.

६. बँकेतली ठेव सुनंदाबाईंना देणार होते. त्या मूळच्या धुळ्याकडच्या, माझ्याकडे स्वयंपाक करतात. पण साक्षीदार मिळेनात. शेजाऱ्यांपैकी एकाला लग्नाला जायचे होते, एकाचा चष्मा सापडत नव्हता. खालचे किराणावाले पारसमलभाऊ तयार झाले. दुसरे कोणी नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. सुनंदाबाई ओट्याशी ऐकत होत्या. हात पुसत आल्या.
"माले काय बी नको. मी सही करसू."
मी पुन्हा समजावले, सगळी ठेव जाईल.
"समजनं, बाई. पेन द्या."
म्हणून ती ठेवही मयुरीला.

उद्या मी कोर्टात जाणार आहे.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

चारुलता जीवराम फेगडे

साक्षीदार :
१. पारसमल सुराणा, किराणा व्यापारी
२. सुनंदाबाई वना महाजन, स्वयंपाकीण. यांनी सही करताना योगराजचे नाव कुठे आहे ते विचारले, त्यावर बोट ठेवले, आणि मग आपले नाव लिहिले.

जळगाव, ९ सप्टेंबर २०२४