दारावरच्या म्हातारीचं काय करू

माय, मी एका म्हातारीला मारायला बसले आहे, आणि ती म्हातारी बरीचशी तू आहेस. दचकू नको, कागदावरच मारायचं आहे. तुला कुठून माहीत असणार, मी पुस्तकं लिहिते आता. मोठ्या माणसांची नाही, आठवी-नववीतल्या पोरापोरींची. त्यांत जमिनीखाली शहरं असतात, सावल्या रुसून बसतात, दगडांना भूक लागते. तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास, एवढं शिकवलं आणि थापाच मारून राहिली का म्हणून. हो, थापाच मारते. पण त्या छापून येतात, अकोल्याच्या न् अमरावतीच्या शाळा मला बोलावतात, पोरी हातावर सही घेतात आणि घरी जाऊन बोलणी खातात. तीन भागांची एक गोष्ट आहे माझी. दोन भाग निघाले, तिसऱ्याचा शेवट तेवढा राहिला आहे, आणि त्या शेवटात दारावरची म्हातारी मरायला पाहिजे. पुण्याच्या संपादकबाई तसं म्हणतात, आणि त्या म्हणाल्या नसत्या तरी मलाही ते दिसतंच आहे. एकटे बाबा म्हणतात, तिले मारू नको. म्हणून अडून बसले आहे.

ते शहर तुझ्यामुळेच झालं, हे तुला सांगायला पाहिजे. मूर्तिजापूरच्या आपल्या वावरात झेंडू-शेवंती निघून गेली की उन्हाळ्यात जमीन कशी फाटायची, आठवतं ना? हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा. मी त्यात काड्या घालून बसायची आणि तू लांबून ओरडायचीस, इच्चू चावला म्हणजे समजन. एकदा मी विचारलं, किती खोल आहे गं ही? तू काडीकचरा वेचता वेचता म्हणालीस, पाताळापर्यंत. माझी कटकट टाळायला म्हणालीस, पण मी ते धरूनच बसले. माझ्या गोष्टीत काळ्या जमिनीखाली एक शहर आहे आणि उन्हाळ्यातल्या भेगा ही त्याची दारं आहेत. तिथल्या लोकांच्या डोक्यावर आभाळ नाही, मुळं लोंबतात. मुळं बघून त्यांना कळतं, औंदा वर कापूस आहे की तूर. देवळाचे खांब मी पातूरच्या लेण्यांतून उचलले, शाळेची सहल गेली होती तेव्हा बघितलेले. त्या लोकांनी मुळं सगळी पाहिलीत, पण झाडावरचं फूल कधी पाहिलं नाही. पाऊस लागला की माती फुगते आणि दारं मिटतात. एका दारावर म्हातारी बसते. आत जाणाऱ्याच्या मनगटाला ती दोऱ्यात ओवलेलं एक फूल बांधते. ते ताजं आहे तोवर त्याला घर आठवतं. माझ्या गोष्टीतली पोरगी याच दारानं खाली उतरली आहे.

थापा कशा मारायच्या, हेही तूच शिकवलंस, शिव्या देत देत. मी दुसरी-तिसरीत असेन. छोट्या लाइनच्या आगगाडीच्या रुळाजवळ मला एक बाई भेटते, तिला एकच डोळा आहे आणि ती पाखरांशी बोलते, असं मी तुला रोज सांगायची. तू हार बांधत हूं हूं करायचीस, मला वाटायचं तुझं लक्ष नाही. एक दिवस मी सांगितलं की त्या बाईनं आज दोन्ही डोळे मिटून घेतले. तू हातातली माळ खाली ठेवलीस आणि पाठीत एक धपाटा घातलास. "मारशीन त नीट मार थाप. कालपरवा एकच डोळा होता तिले, आज दुसरा कुठून आणला?" खोटं बोलले म्हणून मार नव्हता तो, कच्चं खोटं बोलले म्हणून होता. आता मी टेबलासमोरच्या भिंतीवर त्या शहराचे नियम लिहून चिकटवलेत. कोण डावरं आहे, पाणी कुठून येतं, दार आत उघडतं की बाहेर, सगळं. बघणाऱ्याला वाटतं काय शिस्तीची बाई आहे. कसली शिस्त, पाठ हुळहुळते अजून.

आणि ती खिरापत! भुलाबाईचे दिवस होते, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत म्हणत आपल्या घरी यायच्या होत्या आणि तू अकोल्याहून फुलं विकून उशिरा आलीस. घरात काही केलेलं नव्हतं. बाहेर गाणी सुरू झाली. तू पितळी डब्यात दोन मुठी कच्ची तुरीची डाळ टाकलीस, झाकण घट्ट लावलंस आणि बाहेर नेऊन पोरींच्या कानाशी वाजवलास, ओळखा वं पोरीहो, खिरापत काय हाये. गोड का तिखट, असं त्यांनी विचारलं तर म्हणालीस, थे तुमीच सांगा. त्या बिचाऱ्या शेंगदाणे म्हणतात, फुटाणे म्हणतात, चिरंजी म्हणतात, आणि आत तू कढईत पोहे परतते आहेस, मिरचीचा ठसका दारापर्यंत येतो आहे, तरी एकीच्या लक्षात येत नाही. डबा माझ्या हातात देऊन गेली होतीस, वाजवत राय म्हणून. मी वाजवत राहिले. शेवटी त्या हरल्या, तू डबा आत नेलास आणि गरम चिवडा भरून घेऊन आलीस. मी आजही असंच लिहिते, माय. पहिल्या भागात म्हातारी दारावर का बसली आहे, याचं गूढ मी दीडशे पानं वाजवत ठेवलं, पोरं अंदाज करत राहिली, आणि खरं कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. ते मागून शिजलं. संपादकबाई याला माझी रचना म्हणतात, आणि मी मान डोलावते.

शाळांत गेलं की एक पोरगी हमखास विचारते, मॅडम, पात्रं कशी तयार करता? मी ठरलेलं उत्तर देते. निरीक्षण करा, कुणाचं चालणं घ्या, कुणाचा राग घ्या, मिसळा, वगैरे. ते खोटं नाही. पण म्हातारीच्या बाबतीत मी काही मिसळलं नाही. हार बांधताना तू दोऱ्याचं टोक ओठात धरायचीस आणि तसंच बोलायचीस, म्हणून तुझे शब्द अर्धे तोंडातच राहायचे. म्हातारी तशीच बोलते. तू कुणाला जवळ घेत नव्हतीस, फक्त जाताना परकराची नाडी नाहीतर वेणीची फीत ओढून घट्ट करायचीस. म्हातारी मनगटाची गाठ ओढते. फक्त तिला मी म्हातारी केलं. तुला तेवढं होऊ दिलं नव्हतं कुणी. तुझे केस पांढरे झाले असते तर कशी दिसली असतीस, याचा अंदाज घेता घेता ती तयार झाली. तिला सांधेदुखी दिली, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कोणत्या शाळेत सांगू?

बाबा आता माझ्याकडेच असतात, अमरावतीला. मोतीबिंदू काढल्यावर त्यांना वाचायचा नाद लागला. आधी नुसते मथळे वाचायचे, मग माझी पुस्तकं घेतली, बोट ठेवून, ओठ हलवत. पहिला भाग वाचून झाला तेव्हा एवढंच म्हणाले, तुयी मायच हाये वो थे. मग त्यांचं सुरूच झालं. परवा नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, त्याला घर लवकर सापडलं नव्हतं, तर बाबा त्याला सांगत होते, आमच्या घरची म्हणे, वाट चुकली त बसून घ्या, वाट सोता येते धुंडत. माय, हे तू कधीच म्हणाली नाहीस. हे मी लिहिलं आहे, दुसऱ्या भागात, खिडकीशी चहा पीत. तू तर म्हणायचीस, वाट चुकली त तोंड नाही का, इचारता येत नाही का. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातातलं लाटणं तसंच राहिलं. बाबा किती खुशीत बोलत होते. मी पुन्हा पोळी लाटायला लागले. त्यांना माझ्या पुस्तकातून एक बायको परत मिळाली आहे, तिच्याशी ते रोज चार पानं बसतात, आणि ती त्यांच्याशी तुझ्यापेक्षा गोड बोलते. तिला मी कोणत्या तोंडानं मारू?

तू गेलीस त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही. मी कॉलेजात होते, इथं अमरावतीला. बाबा वावरात होते. तू अकोल्याच्या फुलबाजारात शेवंतीच्या ढिगाशी बसलेली. घाम आला म्हणालीस म्हणे, आणि कलंडलीस. बाजूच्या बायांनी पाणी मारलं, ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं. बाबा पोहोचले तेव्हा तुझ्यावर चादर होती. नंतर तेराव्यापर्यंत बाबा त्या बायांकडे जात राहिले, शेवटी काय बोलली ती, एवढंच विचारायला. एक म्हणाली, काहीच बोलली नाही. दुसरी म्हणाली, देवाचं नाव घेतलं. तिसरी म्हणाली, पोरीचं नाव घेतलं. त्या भल्या बाया होत्या, ज्याला जे बरं वाटेल ते देत होत्या. मग एक दिवस बाबांनी जाणं बंद केलं. त्यांनी बाजाराचा रस्ताच सोडला, फुलांची शेतीही सोडली, सोयाबीन टाकायला लागले. मला त्यांचा तेव्हा राग यायचा, अगदी स्पष्ट सांगते, कारण घरात फुलांचा वासच संपला.

हे पत्र इथं आठ दिवस पडून राहिलं, आणि तेवढ्यात मी शेवट लिहून टाकला. तो असा होता. पाऊस येतो आहे, माती फुगायला लागली आहे. पोरीला बाहेर पडायचं आहे आणि दार आतून धरून ठेवायला कुणीतरी लागतंच, तसा नियमच आहे, भिंतीवर लिहिलेला. म्हातारी दार धरते, पोरगी वर चढते, मागं बघत नाही, दार मिटतं. संपादकबाई फोनवर ऐकून म्हणाल्या, सुंदर आहे, पाठवून द्या. मी छापून काढलं आणि पाठवण्याआधी बाबांना दिलं, कारण पुस्तकात बघून त्यांना धक्का बसण्यापेक्षा माझ्या हातून बसलेला बरा. ते वऱ्हांड्यातल्या खुर्चीत बसून वाचत होते, मी आत भाजी चिरत कान लावून होते. कागद वाजायचे थांबले. मी बाहेर गेले तर त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"पुन्हा एकटीच?" बाबा म्हणाले.

मी त्यांना नियम समजावायला लागले. दार कुणीतरी धरल्याशिवाय, बाबा, पोरगी बाहेर कशी येणार, दोघी राहिल्या तर दोघी अडकतील, गोष्टच संपेल. ते ऐकत होते, लहान पोराचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "थे समजलं मले. मारू नको म्हणत होतो थे सोडून दे, मरते माणूस. पण तू लिहून राहिली ना हे? तुया हातात हाये ना? मंग कोणाले तरी बसव तिच्यापाशी."

एवढं बोलून ते उठले आणि जेवायला नको म्हणाले. मी ते कागद हातात घेऊन तिथंच बसले आणि रडले, माय, शेजारची बाई जिन्यात थांबून बघत होती तरी रडले. मला दिसलंच नव्हतं. एवढे नियम केले, पाणी कुठून येतं ते लिहून ठेवलं, आणि तुला मी पुन्हा त्याच बाजारात नेऊन ठेवलं हे मला दिसलं नाही. सुंदर आहे म्हणाले लोक आणि मला खरं वाटलं.

काल ते प्रकरण परत लिहिलं. पोरगी अर्धी वर चढली आहे, वरून उजेड तिच्या तोंडावर पडला आहे, आणि ती उतरते. म्हातारी तिच्यावर खेकसते, जाय म्हणते, दार सोडते आता म्हणते. पोरगी ऐकत नाही, तिच्याजवळ मातीत बसते आणि तिचं डोकं मांडीवर घेते. म्हातारीच्या तोंडी शेवटचं वाक्य काय द्यावं, ते मला सुचलं नाही, म्हणून ती काही बोलत नाही. पोरगी तिचा हात धरून बसते. दार मिटतं. आज सकाळी बाबांनी ते वाचलं, कागद नीट जुळवून माझ्याकडे दिले आणि पोळी वाढ म्हणाले, दोन खाल्ल्या.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुला लिहिलेल्या पत्रांचा कॉम्प्युटरवर एक कप्पा आहे, त्यात पडून राहील. संपादकबाईंचा दुपारपासून तीनदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. त्या काय विचारतील ते मला माहीत आहे. दार मिटलं, वर पाऊस लागला, आता ती पोरगी बाहेर कशी येणार? मी त्यांना सांगणार आहे की विचार करते आहे. तुला खोटं कशाला सांगू, तू पकडशील. मी विचार करत नाही आहे. मला तिला इतक्यात बाहेर आणायचंच नाही.