इस्त्री केलेला कोट

पाटण,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
वैजूचा नमस्कार.

तुझी खुशाली कळव. दाजींचा गुडघा, बागेतली द्राक्षं, सगळं एकेक करून लिही. आमच्याकडचा ऊस गेला एकदाचा. सृष्टी अजून नववीत आहे, पण दहावीला बसल्यासारखी मिजास करते. आईंची तब्येत आहे तशीच.

फोन असताना कागद कशाला काळे करतेस, असं म्हणशील. अगं, आईंचा पलंग पुढच्या सोप्यात. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण कान असे शाबूत की घरामागच्या परड्यातलं बोलणं पलंगावर ऐकू जातं. आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्याच लेकाबद्दल आहे. सरळ लिहिते. मला ह्यांचा संशय येतोय.

हे जानेवारीत सुट्टीवर आले ते तुला माहीत आहे. सिक्युरिटीच्या नोकरीवर इंग्लंडला गेल्यापासून दोन वर्षांनी पहिल्यांदाच आले. पहिल्या दिवशी जेवण झालं आणि हे स्वतःचं ताट उचलून मोरीत घेऊन गेले. घासलं, पुसलं, पालथं घातलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. फौजेत हवालदार होते तेव्हा सुट्टीवर आले की पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा. सृष्टी म्हणाली, "पप्पा सुधारले." मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी मी आईंची चादर बदलायला गेले तर म्हणाले, तू सर, मी करतो. ताई, मी चार वर्षं ते काम करतेय. मला आईंना ओढून, उचलून, दमून जायला होतं, आणि आई सगळा वेळ मला शिव्या घालत असतात. ह्यांनी आधी हात चोळून ऊन केले. मग आईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, आता तुला डाव्या कुशीवर घेतोय. भिऊ नगं, मी धरलंय." जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणली, नवी तिच्यामागं पसरली, मग दुसऱ्या कुशीवर घेतलं, झालं. आई हूं की चूं नाही. अंग पुसताना तर अंगावर टॉवेल पांघरला आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा केला. पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघितलं. टाचांखाली उशी ठेवली.

सिक्युरिटी सुपरवायझरला हे कुठं शिकवतात?

मी विचारलं तर म्हणाले, "फौजेत शिकलो." फौजेत वीस वर्षं काढली तेव्हा का नाही दिसलं मग? आणि टॉवेल पांघरून एवढं जपायचं, अब्रू झाकायची, हे बाईच्याच बाबतीत कुणी शिकतं. तिकडं कुणीतरी बाई आजारी पडली असणार आणि ह्यांनी तिचं सगळं केलं असणार. आमच्यात एवढ्या वर्षांत मला ताप आला तर हे लांबूनच विचारायचे, गोळी घेतलीस का.

पुढचं ऐक. रोज दुपारी गोठ्यामागं जाऊन फोनवर बोलायचे, सगळं इंग्रजीत. मी शेण काढायच्या निमित्तानं गेले. पलीकडं बाईचा आवाज, आणि हे म्हणत होते, "येस हेलन. आय नो, हेलन." ताई, इतक्या हळू आवाजात हे माझ्याशी लग्नाच्या वर्षीही बोलले नव्हते. एके दिवशी फोन ठेवून हौदाच्या कठड्यावर बसले आणि ढसाढसा रडले. मला बघितल्यावर म्हणाले, डोळ्यात कुसळ गेलं.

पुढच्याच आठवड्यात सांगितलं, कंपनीनं बोलावलंय, सुट्टी सोडून लवकर जायला लागतंय. आईंना "ड्युटी हाय गं" म्हणाले. आणि बॅगेत काय भरलं? आमच्या लग्नातला काळा कोट. रिसेप्शननंतर तो ट्रंकेतच होता. डांबरगोळ्यांचा वास जाईना म्हणून मी तो दोन दिवस उन्हात टाकला, ओलं फडकं घालून इस्त्री केली. हे कऱ्हाडला जाऊन काळा टाय घेऊन आले. मी विचारलं, कोट घालून कसली ड्युटी? म्हणाले, कार्यक्रम आहे. कोट घालायचा कार्यक्रम माणसाच्या आयुष्यात एकच असतो, आणि तो ह्यांचा माझ्याबरोबर होऊन गेलाय.

गेल्यापासून फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. मी हेलनचं नाव काढलं की ह्यांचा आवाज तुटायला लागतो.

लोणंदला ह्यांच्याबरोबरच्या सिद्धूभावजींचं घर आहे. दोघं एकाच गावात राहतात तिकडं. त्यांची बायको पूजा त्यांच्या लग्नात एकदा भेटली होती, साधी वाटली. साधी माणसं खोटं बोलली की लगेच कळतं. गुरुवारी भावकीतल्या आप्पासोदादांच्या सूनबाईला आईंजवळ बसवते आणि लोणंदला जाऊन येते. दाजींना यातलं बोलू नकोस. ते लगेच फोन करतील आणि पुरुष पुरुषाची बाजू घेतील.

आईंना भरवते, सृष्टीचा डबा करते आणि मनात एकच, की उद्या हे सोडचिठ्ठीचे कागद पाठवतील सही करायला, मग मी ह्या घरात कोण?

उत्तरात ह्यातलं काही लिहू नकोस, सृष्टी फोडून वाचते. माझी आठवण ठेव.

तुझी
वैजू


पाटण,
२ मार्च २०२५

अहो,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं अहो. घरी सगळे ठीक आहोत. सृष्टीची सहामाहीतली गणिताची बोंब अजून चालू आहे. तांबडी गाय गाभण आहे. फोनवर काही विचारलं की तुमचा आवाज तुटतो, कागदाचा तुटणार नाही म्हणून लिहिते. तुमचा पत्ता सिद्धूभावजींच्या पूजानं दिला. हो, मी लोणंदला जाऊन आले. आधी पाणी प्या, मग पुढचं वाचा.

मी तिला म्हटलं, बाजाराचा दिवस आहे, शेळी बघायला आले. पाटणची बाई दोन एसट्या बदलून लोणंदला शेळी बघायला येत नाही, हे पूजाला माझ्या तोंडावरूनच कळलं. चहा टाकता टाकता तिनं विचारलं, "वैनी, भावजींनी तुमाला सांगितलंय न्हवं?" मी म्हटलं, "सांगितलंय की. पण तुझ्याकडनं ऐकायचंय." असं खोटं बोलायला मी तुमच्याकडूनच शिकले.

तिनं सांगितलं. तुम्ही कुठल्या गेटवर उभे राहत नाही. दोन वर्षं एका म्हाताऱ्याच्या घरी राहून त्याला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, त्याचं सगळं काढणं हे तुमचं काम होतं. सिद्धूभावजी पण तेच करतात. ती म्हणाली, "लोणंदमदी मी हाटेल म्यानेजर म्हणून सांगते." मी विचारलं, मग सुट्टी सोडून का पळाले? "ते आजोबा वारले. भावजी मयतीला गेल्यात." कधी वारले? "संक्रांतीनंतर आठवड्यानं." आणि तुम्ही इथून निघालात फेब्रुवारीत.

खरं सांगते, मी तिच्या घरात उभी राहून हसले. म्हटलं, "पूजा, खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोलावं. पंधरा पंधरा दिवस मढं ठेवून पाहुण्यांची वाट कोण बघतं?" आपल्यात सकाळी माणूस गेलं तर मुंबईची लेक पोचेपर्यंत थांबायचं म्हटलं तरी भावकी घड्याळ बघते. ती बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, तिकडं थंडीत ठेवतात, सगळ्यांना जमेल अशी तारीख काढतात, पत्रिका छापतात. मला वाटलं, माझ्या नवऱ्यानं हिला पढवून ठेवलंय, आणि हीसुद्धा ते बोलत असताना लाजत नाही.

मग तिनं फोनवर फोटो दाखवला. सहा माणसं खांद्यावर पेटी घेऊन चालली आहेत, त्यात पुढं डाव्या बाजूला तुम्ही. तुमच्या अंगात तो कोट होता. बाहीवरची इस्त्रीची धार मी ओळखली, ती माझ्याच हातची. दुसऱ्या फोटोत एका बाईचा हात तुमच्या दंडावर. पूजा म्हणाली, ही आजोबांची लेक हेलन. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. केस पांढरे, साठीला आलेली असेल. तरी पुन्हा एकदा मोठा करून बघितला. रागवू नका, असा संशय एका दिवसात जात नाही.

येताना साताऱ्यापासून मी रडत आले. शेजारची बाई विचारत होती, कुणी गेलं का. मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आप्पासोदादा आले होते. त्यांनाही तुमच्या लवकर जाण्याचा वास लागला होता. विचारलं, "धनाजीचं काय खरं हाय?" मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "फौजेतला गडी आन् परक्या म्हाताऱ्याचं हागणं-मुतणं काढतोय? गावात बोलू नगंस, घराण्याचं नाव जाईल." मी आजवर त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. पण त्या दिवशी बोलले, "आवं दादा, आईंचं मी चार वर्षं काढतीय, तवा न्हाई गेलं व्हय घराण्याचं नाव?" चहा तसाच टाकून गेले. अजून आलेले नाहीत. तुम्हाला फोन आला तर सांभाळून घ्या, किंवा नका घेऊ.

आईंनी पलंगावरून सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना बोलायला वेळ लागतो, मी थांबले. म्हणाल्या, "परक्या म्हाताऱ्यानं माजं लेकरू माणसात आणलं. त्याच्या नावानं पान वाढ." त्या आजोबांना काय आवडायचं ते मला कुठं माहीत? दहीभात, थोडा गूळ, आणि चहाबरोबरची दोन बिस्किटं ठेवली. गोरा माणूस, बिस्किटं खातच असेल. आईंनी पलंगावरूनच डावा हात कपाळाला लावला.

पण आई तुमच्या बाजूच्या म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्ही गेल्यापासून त्यांनी माझा जीव खाल्लाय. चादर बदलायला गेले की म्हणतात, "तुजा हात न्हाई, नांगर हाय. धन्या कसा अल्लाद फिरवायचा." तुम्ही तीन आठवडे केलंत आणि मी चार वर्षं, आणि नांगर मी. आता मी पण आधी हात चोळून ऊन करते, कुठल्या कुशीवर घेणार ते सांगते. चादर तुमच्यासारखी गुंडाळायला अजून जमत नाही, मधेच अडकते. उशी मात्र रोज ठेवते टाचांखाली.

एकच विचारते. गावाला सांगितलं नाहीत ते मला समजतं. मला का नाही? मी हसले असते असं वाटलं? मी सांगू का मला काय वाटतं? मला सांगितलं असतंत तर हे काम किती जड आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, हेही मला कळलं असतं. मग मी विचारलं असतं की तुम्हाला कळल्यावरही आपल्या घरात हे मी एकटीनं का करायचं. फौजेत होतात तेव्हा ठाऊक नव्हतं, ते मी सोडून दिलं. पण दोन वर्षं तिकडं रोज हेच करत होतात आणि फोनवर मला विचारायचात, आईला वेळेवर जेवायला देतेस ना. हे मनातून जात नाही. आलात की समोर बसून ह्याचं उत्तर द्यायचं, तोवर मी राग ठेवणार आहे.

पूजा म्हणाली, आता तुमच्याकडं दुसरी एक म्हातारी दिलीय. तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही. तिला नीट बघा.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी मी दगडावर आईंच्या चादरी पिळत होते. तुम्ही मागून आलात, कमरेच्या वर पाठीवर हात ठेवलात आणि विचारलंत, "दुखतंय का?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोक्यात हेलन बसली होती. मला वाटलं, हा असा हात, असं विचारणं, हे तिच्याकडून आलंय, आणि तिचं उष्टं मला नको. मी "नाही" म्हणून बाजूला सरकले. तुम्ही लगेच हात काढून घेतलात. तिकडं तसंच शिकवत असतील, समोरचं माणूस नको म्हणालं की हात लावायचा नाही. चांगलंच शिकवतात. पण घरच्या माणसाला आणखी एकदा विचारावं.

मी खोटं बोलले होते. उठताना दुखतं, वाकताना दुखतं, आईंना उचलून ठेवल्यावर तर घटकाभर भिंतीला टेकून उभी राहते. आजवर मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

दुखतं हो. लय दुखतं.

तुमची
वैजयंता