कपाळावर आठी नाही

पुसेगाव तांडा, ता. सेनगाव
१९ जानेवारी २०२५

चि. निलमबाई,

याडीचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल, म्हणजे शेळ्या, तूर आणि मी. तू आणि विकासराव बरे असाल. पुण्यात गारठा असेल, गाडीवर जाताना कान बांधत जा.

फोनवर तू रोज विचारतेस, "याडी, कपाळ कसं आहे?" आणि मी सांगायला लागले की तुझा पेशंट येतो. म्हणून लिहायला बसले. सातवीपर्यंत शिकले, ते कधी कामाला येणार?

कपाळ चांगलं आहे. आठ्या घालवायला तू सुया टोचल्यास तिथं मुंगी चावल्यासारखे फुगवटे आले होते, ते त्याच दिवशी बसले. एका बाजूला निळं झालं होतं, तेही गेलं. तुझ्या साखरपुड्याच्या फोटोत मी रागावलेली दिसत होते ना, त्या भुवयांमधल्या दोन्ही रेघा गेल्या. आरशात पाहिलं की पाव्हण्या बाईकडं बघितल्यासारखं होतं. तू केलंस ते मायेनं केलंस, हे मला कळतं.

तू सांगितलेलं सगळं पाळलं. चार तास आडवी झाले नाही, वाकले नाही, कपाळाला हात लावला नाही. बसमध्ये पुढच्या सीटला डोकंसुद्धा टेकवलं नाही. दोन दिवस चुलीपुढं बसायचं नाही, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, अंगमेहनत करायची नाही. आता आमच्या तांड्यात एवढं सोडलं तर बाईनं करायचं काय? पण शेजारी रूपामासी होती.

तिला तुझे नियम सांगितले, तर पदर खोचूनच उभी राहिली. "डाक्टरीणबाईनं सांगितलं म्हंजी सांगितलं. तू बस." भाकरी तीच थापायची, हापशावरून पाणी तीच आणायची, माझं अंगणही तीच झाडायची. दोन दिवस झाले, चार झाले, तरी मला उठू देईना. मी म्हटलं, "अगं, झालं आता. काहून एवढं करून राहिली?" तर म्हणे, "निलम झाली तवा बाळंतपणात तुला कुणी बसू दिलं न्हाई. आता बस."

आणि निलम, मला बसावंसं वाटलं. कुणी ताट वाढून हातात देतं, हे मी या वयात पहिल्यांदा बघितलं.

हळू चालायला हरकत नाही म्हणाली होतीस. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी फाट्यापर्यंत जायचो. डोक्यावर घागर नाही, काखेत गवत नाही, नुसतं चालायचं. सुरुवातीला हात कुठं ठेवावेत तेच कळेना. धर्मसिंग नाईकानं विचारलं, "कुठं निघाल्या गं?" रूपा म्हणाली, "कुठंच न्हाई." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला रस्त्याच्या मोरीवर बसावं लागलं. दम लागला होता तिला. मला वाटलं, हसण्यानंच लागला.

पाच-सहा दिवसांनी कपाळ हलेनासं झालं. रूपा म्हणाली, "राग करून दाखव बघू." मी जोर लावला, काहीच होईना. ती म्हणे, "बरं झालं. आता तुझ्याशी भांडायलाबी मजा न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्याबी कपाळाला सुई देईल का गं निलम? तिच्या लग्नात तुझ्या शेजारी बसले तर मी लईच म्हातारी दिसंन."

मी म्हटलं, विचारते.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, पुण्याच्या गाडीत खिडकीपाशी कोण बसणार. मी म्हटलं, बघू.

आता फोनवर जे सांगितलं नाही ते लिहिते. रूपामासी गेली. मागच्या सोमवारी.

सकाळी हापशावर गेली होती. घागर माझी होती. मी दारातून बघत होते. पाणी भरता भरता ती खाली बसली. वाटलं, दम खात असेल. बायका ओरडल्या तेव्हा मी पळाले. जीपमधून सेनगावला नेलं, पण तिथं पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनंच असेल, तिनं कुणाला सांगितलं नसेल. तू यात तुझा दोष धरू नकोस. मीही माझा धरत नाही. निदान दिवसा तरी धरत नाही.

तिचा लेक लालसिंग आणि सून शिला नाशिकहून आले. बायका गळ्यात पडून रडत होत्या. माझ्या डोळ्यांतून धार लागली होती, पण कपाळ काही हलेना. शिला सगळ्यांसमोर म्हणाली, "जल्माची सोबतीण गेली, अन् हिच्या कपाळावर एक आठी न्हाई." सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांना काय सांगू? माझ्या लेकीनं आठ्या काढून टाकल्यात, असं सांगू? रूपाच्या गार कपाळाला माझं कपाळ लावलं आणि दाबून धरलं.

लालसिंगनं तिच्या शेळ्या माझ्याकडं सोडल्यात, घराला कुलूप लावलंय. तांड्यातल्या बायका अजून माझ्या दारात येत नाहीत. हापशावर गेले की बोलणं थांबतं. दिवसभर तोंडातून शब्द निघतो तो शेळ्यांसाठीच.

अजून एक राहिलंय. पुण्यात विकासरावांच्या घरच्यांसमोर तू मला याडी न म्हणता आई म्हणालीस. तेही गोडच वाटलं. पण मग स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणालीस, "आपल्याकडून घरचे पंधराच हां. रूपामासीला आणू नकोस, ती फार मोठ्यानं बोलते." मी मान डोलावली. इथं येऊन तिला सांगायचं होतं. रोज फाट्यावर जाताना सांगू म्हणायचे आणि रोज तसंच परत यायचे. ती लग्नाला येणार आहे असंच समजून गेली. बरं झालं म्हणवत नाही. वाईट झालं असंही म्हणवत नाही.

तुझा बा आणि मी कोयता घेऊन कारखान्यावर जायचो, तेव्हा सहा-सहा महिने तू तिच्या गोधडीत झोपलीस. गोवर आला तेव्हा मांडी तिची होती. तू पहिल्यांदा याडी म्हणालीस ते तिला. मी उसावरून परत आले आणि हात पुढं केले, तर तू तिच्या मागं लपलीस. रूपा म्हणाली, "रडू नको रुकमे, दोन दिसांत येईल तुझ्याकडं." आणि दोन दिवस ती स्वतःच तुझ्यासमोर आली नाही, तू माझी व्हावीस म्हणून.

तेरावा येत्या शनिवारी आहे. पत्र स्पीडपोस्टानं टाकते. तू ये. विकासरावांना घेऊन ये, नाहीतर एकटी ये. सुट्टी नाही मिळाली तर तसं कळव, पण नंतर बोलते म्हणून फोन ठेवू नकोस.

तुझ्या लग्नाला मी येईन. तू सांगशील ती साडी नेसेन, सांगशील तिथं बसेन. पण निलमला लहानाचं मोठं कुणी केलं असं कुणी विचारलं, तर मी दोन नावं सांगणार. मोठ्यानं सांगणार. तुला ते चालणार नसेल तर मला आधी सांग, मी इथंच राहीन.

जेवत जा.

तुझ्या दोन याड्यांतली उरलेली,
रुख्मिणी