रेडिओच्या दुकानातलं वाक्य

शनि. ८ नोव्हें.
ती खुनाची सिरीज संपली एकदाची. इतक्या भागांत एकही माणूस नीट जेवत नाही. सगळे खिडकीबाहेर बघत उभे. ग्रुपवर हेच लिहिलं. रेखाला आवडली होती, तिने नुसतं 'हं' पाठवलं. आम्ही सगळे एकाच बँकेतले, निम्मे आता रिटायर. ग्रुपचा नियम एकच, पाहिलं असेल तरच बोलायचं. आणि दर शनिवारी सुरुवात माझ्यापासून, कारण म्हणे वैशाली स्पष्ट लिहिते.

मिलिंदचा फोन. त्याची सिरीज शुक्रवारी येतेय. मुंबईत बसून किती दिवस लिहीत होता, मला एक पान दाखवलं नाही. आता म्हणतो, ताई, ग्रुपवर लिहितेस तसं सांग, भाऊ म्हणून नको. बरं म्हटलं.

सोम. १०
आईला सांगितलं, मि.ची सिरीज बाबांवर आहे. बाबांवर म्हणजे काय, तिने विचारलं. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, शाळेत शिकवणारा माणूस घरी बसला, तिथपासूनची गोष्ट. "त्यात लोकांना काय बघायचंय?" म्हणाली. थोड्या वेळाने आतून, "शुक्रवारी लवकर जेवून घेऊ."

शुक्र. १४
तीन भाग पाहिले. चांगली आहे. बाबा झालेला नट कोण ते माहीत नाही, पण ऐकताना मान तिरकी करतो ती थेट बाबांची.

घरात आई, बाबा आणि मुलगा. मुलगी नाही. मला वाटलं पहिल्या भागात मामाकडे गेली असेल, दुसऱ्यात येईल. तिसऱ्यात आईनेच विचारलं, "तू कुठेयस?"

बघू पुढे, म्हटलं.

तिसऱ्यातच रेडिओचं दुकान. बुधवार पेठेतलं. खरं घडलं तेव्हा मी बारा वर्षांची. बाबांचे ओठ मला वाचता यायचे, म्हणून गॅसवाला, डॉक्टर, शाळा, सगळीकडे त्यांच्या वतीने मीच बोलायचे. ते ओठ हलवणार, मी मोठ्याने सांगणार. त्यांचे टोमणेसुद्धा. बिघडलेला रेडिओ परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, काका, तुम्ही बोला ना, पोरांना कशाला पुढे करता. बाबांचे ओठ हलले आणि मी जसंच्या तसं सांगितलं: "माझा आवाज गेलाय, तुमच्या रेडिओचाही गेलाय. माझी गॅरंटी संपलीय. त्याची अजून आहे."

सिरीजमध्ये हे मुलगा बोलतो. फार छान बोलतो.

शनि. १५
ग्रुपवर सकाळपासून तेच वाक्य. प्रत्येकाने टाइप करून पाठवलंय. रेखा लिहिते, त्या पोराने रडवलं गं. माझं माहेरचं आडनाव कुणाच्या लक्षात नाही, त्यामुळे लेखक माझा भाऊ हे कुणाला माहीत नाही.

'वैशाली, तुझं काय?' उरलेले भाग बघून सांगते, लिहिलं. खोटं. दुपारीच सगळे बघून झाले होते.

रवि. १६
वाईट असती तर चार ओळींत मोकळी झाले असते. चांगली आहे हीच पंचाईत.

मी त्यात नाही याचं इतकं वाटत नाही. नसू दे. पण मी जे जे केलं ते सगळं आहे. फक्त

मंगळ. १८
मि.चा फोन. मत सांगितलं. पार्श्वसंगीत जरा जास्त. चौथा भाग रेंगाळतो. आई सारखी रडते. आपली आई रडायची नाही, भांडी आपटायची. हे त्याने लिहून घेतलं बहुतेक, मध्ये थांबला. मग विचारलंच, मला का काढलंस?

दोन मुलं नकोत, लक्ष विभागतं, असं निर्मात्यांचं म्हणणं पडलं. "तुझं माझ्यात मिसळलं, ताई."

म्हटलं, ठीक, पण रेडिओचं माझं होतं.

"कुठलं? दुकानातलं? ते मी बोललो होतो."

भांडत नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं. सांगत राहिला: काउंटर उंच होता, बाबांनी त्याला स्टुलावर उभं केलं, त्याने ते वाक्य म्हटलं, दुकानदाराने हातावर पेपरमिंट ठेवलं. सात वर्षांचा होता, पण पेपरमिंटची चव आठवते म्हणे.

मला स्टूल आठवत नाही. कुकर लावलाय सांगून फोन ठेवला.

बुध. १९
मला आठवतं ते: शाळेचा गणवेश. कान तापलेले. मानेवर मागून बाबांचा हात. मि. पलीकडे काचेला नाक लावून.

आज दुकानदाराचा चेहरा आठवून पाहिला. सिरीजमधल्या नटाचाच आला. तीन-चारदा प्रयत्न केला. दर वेळी तोच, जाड भुवयांचा. खरा कसा होता? सिरीज बघायच्या आधी माहीत होतं मला.

गुरु. २०
आईची सकाळची वंदना झाल्यावर ती मटार सोलायला बसली. मीही शेजारी बसले आणि विचारलं. ती म्हणाली, मी कुठे होते दुकानात, तुम्ही तिघं गेला होतात. घरी आल्यावर दोघंही एकदमच सांगायला लागलात, मी बोलले, मी बोललो. एकमेकांचे केस ओढलेत. हे खुर्चीत बसून हसत होते. आवाज गेल्यावर हे हसले की नुसते खांदे हलायचे.

"पण खरं कोण बोललं?"

"कोणी का असेना. वाक्य ह्यांचं होतं."

मग मला म्हणाली, टरफलं टोपलीत टाक, खाली नको.

म्हणजे तेव्हापासूनच दोघं सांगतोय. हे मी साफ विसरले होते. किंवा

शनि. २२
ग्रुपवर लिहिलं शेवटी. लेखक माझा सख्खा भाऊ, तेव्हा माझं मत जपून घ्या. सिरीज चांगली आहे. संगीत कमी चाललं असतं. आमची आई अशी रडत नाही. बाबा असेच होते.

पाच मिनिटांत रेखाचा फोनच आला. आधी रागावली, इतके दिवस सांगितलं नाहीस म्हणून. मग विचारलं, अगं, म्हणजे तो दुकानातला मुलगा तुझा भाऊ?

म्हटलं, ते अजून ठरायचंय.

ती हसली. तिला विनोद वाटला. बरंच झालं.

गुरु. २७
मि.चा फोन. दुसऱ्या सीझनची बोलणी चाललीत. या वेळी बहीण घेतोय, तू सांग, मी लिहितो. मला आनंद झाला आणि आनंद झाल्याचा लगेच रागही आला. आता घेतोय म्हणे. जागा झाली वाटतं.

तरी ये म्हटलं, रविवारी. फक्त एक अट. आधी तू तुझं सगळं सांगायचंस, दुकानाच्या दारातून आत शिरल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही. मग मी माझं सांगणार, तेव्हा तू बोलायचं नाहीस. तो म्हणाला, आणि जुळलं नाही तर? नाहीच जुळायचं, म्हटलं. मग काय लिहायचं ते तुझं तू बघ.

आई ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, रविवारी मीपण बसते.

तुला कशाला त्रास, म्हटलं.

"तुम्ही दोघं आपापलं सांगाल. ह्यांच्या बाजूने कोणीतरी नको?"