कॅसेटमागची रिंग

मंगळ., ४ नोव्हें.
वहिनीच्या सायकलचं मागचं चाक खडखडतं. बोईसरच्या शोरूमवाल्याने तपासून नक्की केलं: हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, गेला, अख्खं चाक बदला. कारण, मासळीचं खारं पाणी. म्हणून वॉरंटी नाही. वर चार गिऱ्हाइकांसमोर तिला ऐकवलं, "मासेवाल्यांच्या सायकली अशाच."
गेल्याच महिन्यात याच दुकानाने मागची कॅसेट, म्हणजे गिअरची दातेरी चक्रं, बदलून दिली होती.
वहिनीची नवापूर-बोईसर मासळीची फेरी बंद. नेहमीची घरं दुसऱ्या कुणाकडे वळायला किती वेळ लागतो?
आणि मी फोनवर तिलाच विचारलं, टोपली गळते का. ती शांतपणे, "टोपलीखाली प्लास्टिक हाय, भावजी. माझं लुगडं भिजत नाय, चाक कसं भिजंल?"

गुरु., ६
सकाळी पालघरहून नवापूर. सायकल उलटी केली. कॅसेट धरून हलवली, खडखड. म्हणजे हबच, असं समजून आस काढला. आतले छर्रे लखलखीत. ते फिरतात त्या वाट्यांवर डाग नाही. बोटीच्या शाफ्टला लावायचं घट्ट ग्रीस वहिनी दर पंधरवड्याला हबच्या दोन्ही तोंडांशी चोपडते, वरून जुन्या ट्यूबची पट्टी. खाऱ्या पाण्याचं आम्हाला कोण शिकवणार!
वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात आयुष्य गेलं. ही मात्र न तपासता खरी मानली. सांगणारा काउंटरमागे होता, वहिनी मासळीच्या ओट्यावर. एवढंच कारण. आणि मी त्याच ओट्यावर वाढलेला.
सगळं परत बसवलं. मग नुसती रिम धरून आडवी हलवली. जरा हलेल तर शपथ. हलते ती फक्त कॅसेट. हे आधी बघायला हवं होतं.

शनि., ८
सायकल बेटेगावला यादव मिस्त्रींकडे. म्हटलं, कॅसेटवरचा नट घट्ट आहे, तरी ती हलते. त्यांनी नट खोलला, चक्रं उतरवून मोजली. सात. हब आठ चक्रांचा.
"भाईसाब, पीछे की रिंग कौन खा गया?"
सात चक्रांमागे एक रिंग भरावी लागते. नाहीतर नट हबच्या टोकाला टेकून घट्ट होतो, चक्रं मोकळीच राहतात. मिस्त्रींनी भंगाराच्या डब्यातून रिंग शोधून घातली, नट आवळला. खडखड संपली. दहा मिनिटं!
शोरूमला फोन. आमच्याकडे अशी चूक होत नाही म्हणे. रिंग नव्हती हे यादव मिस्त्रींनी पाहिलंय, असं सांगितल्यावर म्हणे, मालक सोमवारी भेटतील.

रवि., ९
फेरी सुरू. दोन घरांनी "आता दुसरी येते" म्हणून दारातूनच परत पाठवलं.
उद्याची तक्रार लिहून तयार. मी एकटाच देऊन येतो म्हटलं.
"कागद तुमी द्या. बोलणार मी. चार मानसांत बोलला ना, चार मानसांतच परत घेऊ दे."
निदान सायकल रिकामी आण, म्हटलं. हसली.
दुकान अकराला उघडतं. ती मासळीची भरली टोपली लावूनच येणार.