झाकणाच्या आतला ठिपका

३ मार्च

आई जाऊन पंधरा दिवस. आजपासून काम — म्हणजे घरातल्याच टेबलावर. लोक जुन्या सॉफ्टवेअरची खोकी पाठवतात, मी त्यांची अवस्था बघून दहापैकी ग्रेड देतो. आजचं टायपिंग शिकवणारं, पस्तीस वर्षांपूर्वीचं. कोपरे टोकदार, रंग शाबूत, दोन्ही फ्लॉप्या जागेवर. नऊ देणार होतो! झाकण उलटलं — आत पुन्हा तोच निळ्या शाईचा ठिपका. या कंपनीच्या काही खोक्यांत पॅकिंगवालीचं नाव असतं. नावाला गुण कापत नाही. ठिपका म्हणजे डाग! खोक्याच्या मालकाने कळवलंय, निघत असेल तर काढा. कापूस, स्पिरिट, पाच मिनिटं. पार गायब. आजवर आलेले सगळे असेच काढले.

हे सांगायला आई हवी होती. "कुठल्या अडाण्याचं काम हे!" म्हणून मी तणतणायचो. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "दमली असेल रे बिचारी." आणि मग हळूच, "निघाला का डाग?"

५ मार्च

ताईचा फोन. "आईच्या हातचं काहीतरी ठेव माझ्यासाठी. एक ओळ असली तरी चालेल."

ओळ कुठून आणू? आई शाळेत गेलीच नाही. सामानाची यादीसुद्धा ती सांगायची, मी लिहायचो.

६ मार्च

कपाट, ट्रंक, गादीखाली — सगळं पालथं घातलं. माझी प्रगतिपुस्तकं सापडली. सगळ्यांवर बाबांची सही. तिथेच फरशीवर बसून रडलो. ताईला फोन करायचा धीर झाला नाही.

९ मार्च

आईची मैत्रीण, आमची मावशी, आली होती. मी रांगत होतो तेव्हा दोघी एकाच ठिकाणी पॅकिंगला जायच्या. आई एवढंच सांगायची — "खोकी भरायचो."

टेबलावरचं खोकं बघून मावशीने चष्मा चढवला. "अगं बाई, हे आमचंच की!" झाकण उलटलं. आत बोट फिरवत राहिली. "नाव नाही म्हणजे हे तुझ्या आईने भरलेलं. मग ठिपका कुठाय? आम्ही आपापली नावं लिहायचो ना, ही ठिपका द्यायची. म्हणायची, माझं नाव एवढंच."

चहा करतो म्हणून आत गेलो.

१० मार्च

सकाळपासून भिंग घेऊन बसलोय. झाकणाच्या आतला कागद कोरा. काम चोख झालंय.

तिला माहीत होतं. पहिल्या खोक्यापासून.

निघाला गं आई. एकूण एक निघाला.