अर्जातली भूक

चि. प्रगतीस,

तुझ्या सत्काराला महिना होऊन गेला आणि मी आज लिहितोय, रागावू नकोस. आधी लिहिलेली दोन पत्रं टपालात टाकलीच नाहीत, घरच्या पेटीतच राहिली.

बारामतीच्या त्या सभागृहात शिष्यवृत्ती देताना पाहुणे म्हणाले, "ही मुलगी उपाशीपोटी शिकली." मला बसवेना. "साहेब, हिची आज्जी पहाटं चारला भाकरी थापायची. पोरगी कदी डब्याबिगर एसटीत बसली न्हाय," एवढंच बोललो. लोक हसले. तू माझी बाही ओढलीस. "आबा, बसा खाली. अर्जात मीच तसं लिवलंय."

मी न जेवता वरकुट्याला परतलो. तालुक्यात पहिली आलीस, तेवढं पुरत नाही का या लोकांना? हुशार पोरीला आधी भुकेली ठरवावं लागतं? आता पारावर शेजारचा झुंबर मला चिडवत विचारतो, "आबा, आज तरी चूल पेटली का?"

तुझ्या आज्जीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. डबा तर रोज रिकामा यायचा, पण तो तुला पुरायचा का, हे आम्ही कधी विचारलं नाही. मी चौथी शिकलेला, अर्ज कसे लिहितात मला कळत नाही. ते नुसतं अर्जापुरतं होतं, की तू खरंच उपाशी राहायचीस आणि आम्हाला दिसलं नाही? एवढं लवकर कळव.

तुझा आबा